बघणी

मराठी स्वयंपाकघरातल्या हत्यारांची नावं बहुतेक त्यांच्या कामावरूनच पडली आहेत. ज्याने लाटायचं ते लाटणं, ज्याने उलथायचं ते उलथणं. गाळते ती गाळणी, किसते ती किसणी, चाळते ती चाळणी. चूल होती तेव्हा फुंकणी होती, दौत होती तेव्हा लेखणी होती. क्रियापदाला नुसतं '-णं' किंवा '-णी' लावलं की वस्तूला नाव मिळतं. त्यासाठी कुणा पंडिताचं दार ठोठावावं लागत नाही. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठीचं व्याकरण शिकवत असे. 'शब्दसिद्धी' हे प्रकरण दरवर्षी यायचं. सिद्ध शब्द, साधित शब्द, उपसर्गघटित, प्रत्ययघटित, अभ्यस्त, सामासिक. मुलं ते प्रकार पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मी मात्र कृत् प्रत्ययांपाशी आले की फळा सोडून स्वयंपाकघरात शिरायचे आणि तास संपेपर्यंत तिथून निघायचे नाही. त्या '-णी'त मला माणसाचा आवाज ऐकू यायचा. तो आक्काचा असायचा.

आक्का माझी थोरली बहीण. वाईहून धोमकडे जाताना कृष्णेच्या काठाला लागणाऱ्या एका गावात तिला दिलं होतं. घरची शेती हळदीची. माझी परीक्षा संपली की मी तिच्याकडे जायचे तेव्हा तिथे हळदीची कामं चालू असत. पाला वाळून आडवा झाला की तो कापायचा, कुदळीने गड्डे उपसायचे, माती झाडायची आणि मग बायकांनी गोल बसून मोडणी करायची. जेठे गड्डे एकीकडे, बगल गड्डे दुसरीकडे, सोरा गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. खोडाच्या बुडाशी वाढलेला मोठा गड्डा तो जेठा, त्याच्या अंगाला फुटलेले ते बगल. संस्कृतातलं ज्येष्ठ प्राकृतात जेट्ठ झालं आणि मराठीत जेठा. बगल आली फारशीतून. खुद्द हळदसुद्धा हरिद्रा, मग हलिद्दा अशी घरंगळत आपल्यापर्यंत पोचलेली. हे सगळं मी पुढे पुस्तकांतून शिकले. त्या वयात मला एवढंच कळत होतं की कुठल्या पाटीत कुठला गड्डा जायचा हे आक्काला बघावं लागत नाही, तिच्या बोटांना ते कळतं.

शिजवणं हे मोठं काम. पत्र्याच्या काहिलीत हळद भरायची, पाणी सोडायचं, वरून पाला आणि गोणपाट झाकायचं, खाली पाचटाचा जाळ. फेस वर आला आणि तो ठरावीक वास सुटला की एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसून बघायची. काडी न अडता आत गेली की जाळ ओढायचा. मग वाफाळती हळद अंगणात पसरायची, ऊन खात ती कितीतरी दिवस पडून राहायची. त्या दिवसांत आक्काचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे. एकदा दारावर कुणी आलं तर ती आतून ओरडली, "दार तू उघड गं, माझं हात हळदाळल्यात."

हळदाळणं. मी तेव्हा बारावीला होते, व्याकरणाचं वेड नुकतं लागलं होतं, आणि तो शब्द ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले. रक्ताने माखलं की रक्ताळतं, फेस आला की फेसाळतं, ढग दाटले की ढगाळतं. त्याच साच्यात तिने हळद घातली होती आणि ती चपखल बसली होती. मी तिला म्हटलं, हा शब्द तू कुठे ऐकलास? तिला प्रश्नच समजला नाही. तिच्या लेखी तिने काही केलंच नव्हतं, हातांना जे झालं ते तिने सांगितलं होतं.

तिला सातवीतून काढलं होतं. का, ते सांगायची गरज नाही, त्या काळच्या थोरल्या मुली जाणतात. पण माझ्या संसारात आणि माझ्या वर्गात जे काही मराठी होतं त्याचा मोठा भाग तिचा होता. लिंग बदलून वस्तूचं माप बदलायची मराठीची जी रीत आहे, ती तिच्या तोंडून मी शिकले. डबा, डबी, डबडं. गाडा, गाडी, गाडं. टोपला, टोपली, टोपलं. पुल्लिंगी म्हणजे मोठं, स्त्रीलिंगी म्हणजे बेताचं, आणि नपुंसकलिंगी म्हणजे एकतर हेटाळणी नाहीतर माया. 'कारटं' आणि 'लेकरू' दोन्ही नपुंसकलिंगी, आणि आक्का एकाच पोराला दोन्ही म्हणायची. कुणी पाहुणा न जेवता निघाला की ती म्हणायची, चहाबिहा तरी घ्या. त्या 'बिहा'त चिवडा असायचा, लाडू असायचा, थांबलात तर पिठलंभाकरीही असायची. व्याकरणात याला अभ्यस्त शब्द म्हणतात आणि त्याचा दुसरा भाग निरर्थक असतो असं छापलेलं आहे. मी ते वाक्य वर्गात कधी वाचून दाखवलं नाही.

मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघालं. मराठीचा एवढा सविस्तर विचार त्याआधी कुणी केला नव्हता आणि आजही शब्दसिद्धीचं काही अडलं की हात त्याच जाडजूड ग्रंथाकडे जातो. त्यात नामधातूंचा विचार आहे, म्हणजे नामापासून थेट क्रियापद करायची मराठीची ताकद. हातापासून हाताळणं, डोक्यापासून डोकावणं, लाथेपासून लाथाडणं, पाण्यापासून पाणावणं, खुणेपासून खुणावणं, मोहरापासून मोहरणं. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे सख्खे भाऊ. केशवसुत १९०५ साली हुबळीत प्लेगने गेले. सहा वर्षांनी धाकट्या भावाचं व्याकरण छापून आलं. मी अनेक वर्षं तो ग्रंथ वापरला तेव्हा या दोन सालांतलं अंतर माझ्या कधी ध्यानात आलं नाही. आक्का गेल्यावर आलं. मराठी कवितेला नवं वळण देणारा भाऊ घरातून गेल्यावर, मराठी शब्द कसा घडतो हे पानामागून पान लिहीत बसलेला तो माणूस आता मला फार जवळचा वाटतो.

नामधातूंची आजची अवस्था मात्र मला खुपते आणि ते मी कुठेही बोलून दाखवते. आपण क्रियापदं करायचं हळूहळू सोडून दिलं आहे. नाम घ्यायचं, ते कुठल्याही भाषेतलं असो, आणि त्याच्यापुढे 'करणं' ठेवायचं, की झालं काम. टीव्हीवर पदार्थ दाखवणारी बाई कांदा ॲड करते, मसाला मिक्स करते, शेंगदाणे रोस्ट करते. अहो, मराठीत पीठ मळतात, भात कालवतात, वरण घोटतात, दही घुसळतात, खीर ढवळतात, अंडं फेटतात, वडे पिठात घोळतात. हाताची प्रत्येक हालचाल निराळी म्हणून शब्द निराळा. 'मिक्स करा' म्हटलं की हात दिसेनासा होतो. इंग्रजी शब्द आला याचं मला दुःख नाही. खर्च आणि बदल हे शब्दही बाहेरूनच आले होते, पण मराठीने त्यांना दारात उभं ठेवलं नाही, आत घेऊन त्यांचं खर्चणं आणि बदलणं केलं. 'दार' हा फारशी प्रत्यय आपल्या पाण्याला जोडून पाणीदार केलं, चवीला जोडून चवदार केलं. घेणाऱ्या हाताला तेव्हा घडवायचीही सवय होती. हल्ली कॉलेजातली पोरं 'गुगलून बघ' म्हणतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

वाईशी शब्द घडवण्याचं आणखी एक नातं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे, आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्या देखरेखीखाली तिथेच उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली आला. भौतिकशास्त्र, वैद्यक, तंत्रविद्या, जे जे इंग्रजीत होतं त्याला मराठी संज्ञा लागणार होत्या, आणि तिथली माणसं त्या एकेक करून ठरवत होती. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला तेव्हापासून ही एक जाणती परंपरा आपल्याकडे चालत आली आहे. सावरकरांचं नाव घेऊन महापौर आणि दिनांक आपण आजही सांगतो. मला त्या कामाबद्दल आदर आहे. पण त्याच कृष्णेच्या काठी, काही मैलांवर, पाटीत गड्डे टाकता टाकता बायका शब्द करत होत्या आणि ते कुठल्या खंडात जाणार नव्हते, याची खंतही आहे.

आक्काला अर्धांगवायूचा झटका आला तो हळद शिजवायच्या दिवसांतच. काहिलीजवळून उठताना उजवा पाय उचलला जाईना. भाच्याने गाडी काढून तिला साताऱ्याला नेलं. मी पोचले तेव्हा ती खाटेवर उशाला टेकून बसली होती, शुद्धीवर होती, मला बघून तिचे डोळे भरून आले. तिने तोंड उघडलं, आणि माझं नाव तिला सापडलं नाही. ती शोधत राहिली. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आत कुठेतरी ती एकेक कोनाडा चाचपत होती. शेवटी तिने डावा हात माझ्या गालाला लावला.

मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला होता. डॉक्टरांनी 'अफेजिया' म्हटलं. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत वाचाघात असा शब्द आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने अशा एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला होता. त्या माणसाला 'तां' एवढ्या एका उच्चाराखेरीज काही बोलता येत नव्हतं. वाचेचं ठाणं मेंदूत कुठे आहे याचा शोध तिथून पुढे गेला. प्रत्येकाचा वाचाघात वेगळा असतो हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. कुणाला वाक्य जुळवता येत नाही, कुणाला ऐकलेलं कळत नाही. आक्काला सगळं कळत होतं, वाक्याचा सूरही शाबूत होता. गेली होती ती नामं. वस्तू समोर दिसायची, ती कशासाठी आहे हे कळायचं, नाव तेवढं यायचं नाही.

घरी आणल्यावर काही दिवसांनी एका सकाळी ती उशीखाली काहीतरी चाचपत होती. मी विचारलं, काय हवंय? ती थांबली. ओठ हलले, काही जमेना. मग ती एकदम म्हणाली, "बघणी. बघणी दे."

मी चष्मा दिला. तिने तो नाकावर चढवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, बरोबर दिलास म्हणून.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. औषधाची गोळी म्हणजे गिळणी. किल्ली म्हणजे उघडणी. कंगवा म्हणजे विंचरणी. टीव्हीचा रिमोट म्हणजे बदलणी. पंख्याला ती वारणी म्हणाली, म्हणजे वाऱ्याचं आधी क्रियापद केलं आणि मग त्याला प्रत्यय लावला, दोन पायऱ्या एका श्वासात. टेकून चालायची काठी ती टेकणी, आणि चार पायांचा मोठा वॉकर आणला तेव्हा त्याला ती टेकणं म्हणाली. मी भाच्याच्या बायकोकडे बघितलं, तिच्या काही ध्यानात आलं नव्हतं. लहान ती स्त्रीलिंगी, मोठं ते वेगळ्या लिंगात. डबा-डबीचा जुना हिशेब त्या जखमी मेंदूत जसाच्या तसा होता. मोबाइलला ती एकदा बोलणी म्हणाली आणि स्वतःच थबकली. बोलणी म्हणजे लग्नाची बोलणी, ती जागा भरलेली आहे हे तिला आतून जाणवलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याचं ऐकणी केलं.

शब्दशास्त्रात एक तत्त्व आहे, मार्क ॲरोनॉफ यांच्या १९७६ च्या पुस्तकापासून ते विशेष चर्चेत आलं. भाषेत एखाद्या अर्थाला शब्द आधीच रूढ असेल तर त्याच अर्थाचा नवा साधित शब्द सहसा घडत नाही, जुना शब्द त्याची वाट अडवून धरतो. चष्मा आहे तोवर बघणी करायला कुणी जात नाही. आक्काच्या बाबतीत आजाराने जुने शब्द उचलून नेले आणि अडवणारं कुणी उरलं नाही. मग खालून ती जुनी घडणारी शक्ती वर आली, जी तिच्या आधी तिच्या आजीकडे होती, आणि लाटणं-गाळणी ज्यांनी पहिल्यांदा म्हटलं त्या बायकांकडे होती. चष्मा तरी कसा झाला? फारशीत चश्म म्हणजे डोळा, त्यावरून. ज्याने तो शब्द केला तो डोळ्यापासून निघाला, आक्का बघण्यापासून निघाली.

वाचा-उपचारासाठी एक तरुण मुलगी घरी यायची. मायेने वागायची, आक्काला तिचा लळा लागला होता. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कुलूप, चमचा, घड्याळ, छत्री. आक्का छत्रीला झाकणी म्हणाली, घड्याळाला मोजणी. मुलीने कागदावर दोन्हीपुढे चूक अशी खूण केली. त्या कागदावर बरोबर आणि चूक एवढे दोनच रकाने होते, त्यात तिचा दोष नाही. पण मी ते पाहत होते आणि माझ्या घशात आवंढा दाटला. चाळीसेक पोरांच्या वर्गात मी ज्याची वाट पाहत बसायचे ते इथे घडत होतं, आणि त्यापुढे चूक लिहिलं जात होतं. रात्री मी एक वही केली. एका बाजूला आक्काचा शब्द, दुसऱ्या बाजूला तो कशापासून केला ते. भाच्याच्या बायकोला मी सांगितलं, ती जे म्हणेल तेच तुम्ही म्हणा, दुरुस्त करू नका. सूनबाई मनाची मोठी. तिने बाजारातून येताना आक्काला विचारलं, "आत्याबाई, तुमच्या गिळण्या संपल्या का?" आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या काळात आणखी एक गोष्ट होती. तिला ओव्या येत होत्या. साधं 'पाणी' हे नाव न सापडणारी बाई जात्यावरच्या ओव्या सुरात अख्ख्या म्हणायची, एक अक्षर न गाळता, त्यातली सगळी नामं जागच्या जागी. गाणं आणि पाठ असलेलं असं काही मेंदूत निराळ्या वाटेने येतं, वाचाघात झालेल्या माणसांत हे पुष्कळदा दिसतं. भाचा म्हणाला, मग तिला गाण्यातून मागायला शिकवू या का? आम्ही प्रयत्न केला. ओवीतलं पाणी ओवीतच राहायचं, तांब्यातल्या पाण्यासाठी ते तिला वापरता येईना. तांब्यातलं पाणी तिच्यासाठी पिणी होतं.

दुसरा झटका पावसाळ्यात आला. त्यानंतर प्रत्यय गळाला. आधी मला वाटलं ती दमली आहे म्हणून शब्द अर्धा टाकते. मग लक्षात आलं की बघणीतला नुसता 'बघ' उरला आहे, गिळणीतला 'गिळ'. धातू उरले होते, त्यांच्यापासून वस्तू करणारी ती छोटीशी '-णी' हातातून निसटली होती. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्यय नेहमी शेवटी छापलेला असतो, एक छोटी आडवी रेघ आणि तिच्यापुढे एक अक्षर, माणसाच्या तोंडात त्याला केवढं बळ लागतं हे मला तिच्या खाटेशी बसून कळलं. ती 'बघ' म्हणायची आणि मला कळायचं नाही, चष्मा हवा आहे की काही दाखवायचं आहे की मीच बघावं तिच्याकडे. मी तिन्ही करायचे. नंतर 'बघ'ही गेला. ओवीचा नुसता सूर राहिला, शब्दांशिवाय. श्रावण संपायच्या आत ती गेली.

बारावा उरकून मी पुण्याला आले आणि कपाटातून कोश काढून बसले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, त्यात साठेक हजार शब्द. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्या शास्त्रीमंडळींनी गावोगावचं मराठी गोळा करून ते काम केलं. शब्दापुढे तो कुठून आला याची खूण आहे, कोकणातला की देशावरचा हेही पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. मग दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात विभाग, १९३२ ते १९३८. त्यात वऱ्हाडी, खानदेशी, गोमंतकी, साऱ्या बोलींना जागा आहे. या माणसांनी जे जपलं त्याचं ऋण फिटणारं नाही. मी त्या पानांतून आक्काला शोधत होते. तिचे पुष्कळ शब्द तिथे होते, वेगवेगळ्या पानांवर, वर्णानुक्रमे. वाळवण होतं, भांगलण होती, पाटी होती. वाचता वाचता मध्यरात्र झाली आणि मग मी कोश मिटले. झालेला शब्द कोशात येतो. तो होतो कसा, कुठल्या घाईत, हात कशाने भरलेले असताना, कुणी दारावर आलेलं असताना, ते त्यात यायला जागाच नाही. आणि मला हवं होतं ते तेच होतं. मला तिच्या शब्दांची यादी नको होती, ती तर वहीत होती. मला तिने अजून न केलेले शब्द हवे होते. उद्या घरात येणाऱ्या वस्तूंची, उद्याच्या पावसाची, माझ्या म्हातारपणाची नावं तिने ठेवायची राहिली होती. माणूस गेलं की त्याच्याबरोबर हे जातं, आणि हे परत मिळवायची कुठलीच सोय नाही.

वहीचं पुढे काय करायचं म्हणून दोघातिघांनी सुचवलं, लेख लिहा, कुठल्या तरी परिषदेत वाचा. वाचाघातात प्रत्यय कसा टिकतो यावर काम करणाऱ्यांना उपयोग होईल, हे मलाही पटतं. एके दिवशी मी ते करीनही. अजून त्या वहीकडे मला उदाहरणं म्हणून बघता येत नाही. त्यातल्या 'वारणी'शेजारी माझ्याच हातचा पिवळा डाग आहे, त्या दिवशी मी तिला हळद-दूध देऊन आले होते.

सहा महिन्यांच्या श्राद्धाला गावी गेले तेव्हा हळदीचीच धांदल होती. काहील आता परसात उलटी पडलेली. भाच्याने वाफेवर शिजवायचं यंत्र भाड्याने आणलं होतं, ट्रॅक्टरला जोडून दारात उभं होतं. दिवसाचं काम तासांत होतं, जळण वाचतं, बायकांची पाठ वाचते. आक्काच्या पाठीचे हाल मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मला ते यंत्र आवडलं. भाचा म्हणाला, "मावशी, दुपारपर्यंत सगळं बॉईल करून टाकू." मोडणीला बसलेल्या बायका कुठून कुठून रोजाने आलेल्या, त्यांच्यातली एक जेठ्या गड्ड्याला आईगड्डा म्हणाली. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनेही, आक्कासारखंच, मी हे का विचारते ते न कळून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी आक्काच्या नातवाने त्याच्या पहिल्या पगारातून आणलेलं एक यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं होतं. काळं, गोल, पुढे खेचायचा खण. तेलाशिवाय तळतं म्हणाले. घरात सगळे त्याला एअर फ्रायर म्हणत होते. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात धातू लावून बघू लागले. तळणी म्हणावं, तर तेल नाही. भाजणी म्हणावं, तर भाजणी थालीपिठाची, ती जागा भरलेली. तापवणी, फुंकवणी, वारवणं. नियमाला सगळे धरून होते आणि एकही खरा वाटत नव्हता. आक्काने ओला हात पदराला पुसत त्याच्याकडे एकदा बघितलं असतं आणि म्हणून टाकलं असतं काहीतरी, आणि उद्यापासून सगळं घर तेच म्हणालं असतं.

"मावशी, शेंगदाणे यात टाकू का?" सूनबाईने विचारलं.

"टाक," मी म्हटलं, "पण जळू देऊ नको, उद्या नैवेद्याच्या चटणीला लागतील."